दोन बोटे जागा

आमच्या घराची वंशावळ पहिल्यांदा कागदावर उतरली ती मुलीच्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे दिवस होते आणि ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. सासऱ्यांनी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढला, तहसिलीतून कोतवाल बुकातली जन्माची नोंद मिळवली आणि मुद्रांकावर झाड काढून दिले. सर्वांत वर यजमानांचे पणजोबा, खाली त्यांचे मुलगे, मग नातू. शेवटच्या फांदीला माझी लेक टांगलेली. विदर्भातल्या हजारो घरांत वंशावळ अशीच जन्मते, जात पडताळणी समितीच्या टेबलासाठी. त्या झाडावर लेकीखेरीज एकही बाई नव्हती. तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आले नाही, माझ्याही नाही.

पुढे लेक कॅनडात गेली. मी शाळेतून निवृत्त झाले आणि तोच मुद्रांक बाहेर काढून बसले. पणजोबांच्या वर कोण? नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांना विचाराल तर उत्तर ठरलेले असते, ‘आम्ही भोसल्यांसोबत आलो.’ आमचे घरही तेच सांगते. रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकात नागपुरात बस्तान बसवले तेव्हा साताऱ्या-पुण्याकडची बरीच घराणी त्यांच्या मागे आली, हे खरे आहे. पण महालात राहणारे सगळेच काही तेव्हा आले नसतील. कुटुंबात चालत आलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, तो शोधाचा पत्ता आहे, एवढे मी नवशिकी असतानाच शिकले.

या खटाटोपाची बातमी लेकीने तिच्या शेजारणीला सांगितली. ती पोलिश वंशाची. तिनेही नुकताच आपल्या आजीचा माग काढायला घेतला होता. तिच्याजवळ एका कागदावर चार ओळी होत्या. आजीचे नाव. जन्म १९३२, ल्वूफ शहराजवळच्या खेड्यात. आजीचा धाकटा भाऊ हिंदुस्थानात वारला. आणि शेवटचा शब्द, ‘वळिवडे-कोल्हापूर’. तिने लेकीला विचारले, “हे तुझ्या आईच्याच राज्यात आहे ना?”

राज्य एकच खरे, पण नागपूरहून कोल्हापूर म्हणजे गाडीत एक अख्खा दिवस आणि अख्खी रात्र. निघाले. येताना नाशिकला उतरून आमच्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही पाहायच्या, असे मनाशी ठरवले.

तासाभरात सेवाग्राम स्टेशन मागे गेले. या बाजूच्या लोकांना एक पोलिश माणूस ठाऊक असायला हवा, तो म्हणजे मॉरिस फ्रिडमन. वॉर्साचा ज्यू इंजिनीअर, बंगळूरच्या वीज-साहित्याच्या कारखान्यासाठी म्हैसूर संस्थानात आला, गांधीजींकडे ओढला गेला, चरख्याच्या सुधारणेत रमला आणि भारतानंद झाला. औंध संस्थानाने १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना केली, तिच्यामागे आप्पासाहेब पंतांसोबत हाही होता. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे त्याने इंग्रजीत आणली, आणि मुंबईतच देह ठेवला. असा एकटा येऊन इथलाच झालेला माणूस सापडणे सोपे. ज्यांना जथ्याने आणले गेले, जथ्याने नेले गेले, त्यांच्यातली एक मुलगी शोधणे अवघड.

गाडीत वेळ होता. शेजारणीने पाठवलेली टिपणे वाचत होते. पोलिश वंशावळीचा पहिला धडा आडनावाचा. ‘स्की’ हा प्रत्यय मुळात गावाला लागतो. विश्नेव गावचा तो विश्नेव्स्की. म्हणजे आपला ‘कर’! नागपूरकर, चांदूरकर, पवनीकर म्हणतो तसेच. पुढे तो धंद्यालाही लागला; कोवाल म्हणजे लोहार, त्यावरून कोव्हाल्स्की. पण आपला ‘कर’ बाप्याला आणि बाईला एकच, त्यांचा बदलतो. तो कोव्हाल्स्की, तर त्याची बायको आणि लेक कोव्हाल्स्का. हा फरक मी वाचला आणि पुढच्या पानावर गेले. त्याचे मोल दोन दिवसांनी कळले.

दुसरा धडा राज्याचा. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड गिळले. तिथून १९१८ पर्यंत पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. त्यामुळे त्या काळात अमेरिकेला गेलेल्या पोलिश माणसाच्या कागदावर जन्मदेश म्हणून ‘रशिया’ किंवा ‘ऑस्ट्रिया’ लिहिलेला सापडतो आणि नातवंडे गोंधळतात. नोंदी चर्चमधल्या, पण कुणाच्या राज्यात खेडे होते त्यावर त्यांची भाषा ठरते. ऑस्ट्रियाच्या भागात त्या लॅटिनमध्ये, रकाने आखून. रशियाच्या भागात आधी पोलिशमध्ये, एकेक नोंद म्हणजे लांबलचक वाक्यच, आणि १८६८ पासून सक्तीने रशियनमध्ये. एकाच घरातल्या आजोबाची नोंद एका लिपीत, नातवाची दुसऱ्या. ज्याला आपल्याकडे मोडीतला कागद हातात धरून वाचणारा शोधत फिरावे लागले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि राज्य बदलण्याचे म्हणाल तर आमच्या घराने काय कमी पाहिले? घर महालातून हललेले नाही. पण ते १८५३ पर्यंत भोसल्यांच्या राज्यात होते. रघूजी तिसरे निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले. मग ते नागपूर प्रांतात गेले, १८६१ पासून मध्य प्रांतात, मग मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० नंतर मध्य प्रदेशात (नागपूर तेव्हा त्याची राजधानी), १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. माझ्या यजमानांचा जन्म १९५२ चा; दाखल्यावर मध्य प्रदेश. उद्या एखादी पणती भोपाळच्या दप्तरात त्यांना शोधत बसेल. शेजारणीच्या आजीचे खेडेही असेच. आजीच्या आजोबांच्या वेळी ते ऑस्ट्रियात, आजीच्या जन्माच्या वेळी पोलंडमध्ये आणि आज युक्रेनमध्ये. ल्वूफचे ल्विव्ह झाले आहे.

कोल्हापुरात उतरले ती थेट ख्रिस्ती दफनभूमीत गेले. तिथे पोलिश थडगी एका भागात आहेत, डागडुजी केलेली, क्रूस आणि नावे. पोलंडहून आणि लंडनहून लोक येतात, फुले ठेवतात. राखणीला असलेल्या माणसाने फाटक उघडले आणि विचारले, “कुणाचं नाव घेऊन आलाय?” त्यांच्याकडे येणारा प्रत्येक परका एक नाव घेऊनच येतो, हे त्या प्रश्नातच होते.

मी मुलगा शोधत होते. आजीचा धाकटा भाऊ, आडनावाच्या शेवटी ‘स्की’. कागद हातात धरून एकेक क्रूस वाचत गेले. मुलांची थडगी पाहताना पाय जड होतात. उपासमारीचे हाड घेऊन ही मुले इथे आली होती; ऊन, दूध, भात सगळे मिळाले तरी काहींच्या शरीराला ते पेलले नाही. दोन फेऱ्या झाल्या. तो मुलगा सापडला नाही. निघताना एका नावापाशी थबकले. अक्षरे तीच, फक्त शेवटी ‘स्का’. एक वयस्कर बाई. दोन्ही फेऱ्यांत मी तिच्यावरून पुढे गेले होते, कारण मी ‘स्की’ शोधत होते.

फोटो काढून शेजारणीला पाठवला. कॅनडात तेव्हा रात्र होती, उत्तर सकाळी आले. आजीची आजीही बरोबर होती असे तिने एकदा लहानपणी ऐकले होते, पण ती कुठे वारली हे घरात कुणी बोलत नसे. भावाची गोष्ट उरली, आजीच्या आजीची पुसली गेली. पण तिनेच पुढे लिहिले की घाई करू नका. हे आडनाव तिकडे फार घरांचे आहे, एकसारखे आडनाव म्हणजे नाते नव्हे. ठरवायचे तर या बाईचे माहेरचे नाव कळायला हवे. पोलिश कागदांत ते असते. ‘झ दोमु’ असे लिहून पुढे वडिलांकडचे आडनाव. झ दोमु म्हणजे शब्दशः ‘घरची’. मुलाच्या जन्माची नोंद करताना पाद्री बाप लिहितो, आई लिहितो आणि आईचे माहेरही लिहितो. त्याच धाग्याने एक पिढी वर चढता येते.

मी ते वाक्य दोनदा वाचले. आमच्या मुद्रांकावर माझ्या सासूबाईंचे नाव नाही, मग माहेर कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी वळिवड्याला गेले. कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या रुळाच्या कडेचे, करवीर तालुक्यातले गाव. बाजूने ऊस, पलीकडे पंचगंगा. इथे १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. ती कशी आली, हे एका दमात सांगता येत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर चालून आला आणि सतरा दिवसांत पूर्वेकडून स्टालिन. पूर्वेकडच्या भागातली पोलिश कुटुंबे, म्हणजे शेतकरी, जंगलरक्षक, शिक्षक, शिपायांच्या बायका, सोव्हिएत पोलिसांनी १० फेब्रुवारी १९४० च्या रात्रीपासून उचलायला सुरुवात केली. तासाभरात सामान बांधा, गुरांच्या डब्यात चढा. काही अर्खान्गेल्स्कच्या जंगलात लाकडे तोडायला, काही सैबेरियात, काही कझाकस्तानात. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला मित्र हवे झाले. जुलैअखेर लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारशी करार झाला, कैद्यांना ‘माफी’ मिळाली, जनरल अँडर्सच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. त्या फौजेच्या मागे बायका-मुले दक्षिणेकडे निघाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे एक लाख पंधरा हजार माणसे इराणच्या किनाऱ्याला लागली.

पुरुष फौजेबरोबर लढायला गेले. उरलेल्यांना ठेवायचे कुठे? कुणी पूर्व आफ्रिकेत गेले, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडमध्ये. जामनगरच्या दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला अनाथ मुलांना घर दिले, ती गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे. मोठी वस्ती मात्र आपल्या कोल्हापूर संस्थानात झाली. कराचीला जहाजाने आणि तिथून इकडे. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली, तिथली मुलेही इथेच आली. खर्च लंडनचे पोलिश सरकार उचलत होते. ओळीने बराकी, चर्च, दवाखाना, अनाथाश्रम, शाळा, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथके. उसाच्या फडाशेजारी मुले पोलंडचा भूगोल घोकत होती.

मला थांबवले ते एका गोष्टीने. हे बायकांचे गाव होते. बापे फौजेत, म्हणून घरटी मुख्य बाईच. शिधा तिच्या नावावर, बराकीतली खोली तिच्या नावावर, मुलांच्या नावापुढे तिचे नाव. युद्धाने केले म्हणून असेल, पण पाच वर्षे इथल्या सगळ्या याद्या आईपासून सुरू होत होत्या. वंशावळीचे झाड नेहमी बापाकडून काढणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट चटका लावणारी होती.

छावणी पाहायची म्हणून विचारत गेले, तर लोकांनी मला बाजारात आणून सोडले. गांधीनगर! पश्चिम महाराष्ट्रातल्या लग्नांचा बस्ता जिथे बांधला जातो ती कापडाची घाऊक पेठ. पोलिश लोक १९४८ पर्यंत गेले आणि त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे उतरली. ज्या कराचीच्या बंदराला पोलिश बायका लागल्या होत्या, त्याच कराचीकडून ही माणसे आली. एकाने रिकामी केलेली खाट दुसऱ्या निर्वासिताने घेतली. मग इथे दुकाने झाली, दुकानांची पेठ झाली. बराकींच्या खुणा आता शोधाव्या लागतात. साड्यांच्या गठ्ठ्यांमधून जाताना मला सारखे वाटत होते की या गल्ल्यांच्या आखणीखाली अजून ती जुनी रांग असेल.

वळिवड्यात एक म्हातारेबाबा भेटले, पारावर. मी काय शोधते ते सांगितल्यावर म्हणाले, “आमचं वडील कॅम्पात दूध घालायचं. बाया लई नीटनेटक्या. दारात फुलझाडं. जाताना रडत गेल्या म्हणायचं.” मग मलाच विचारले, “त्यास्नी परत घरला का जाऊ दिलं न्हाई हो?”

याचे उत्तर मी देऊ शकले. युद्ध संपले तेव्हा त्यांचे घर दुसऱ्याच्या देशात गेले होते. याल्टाच्या वाटाघाटींनंतर पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे राहिला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. म्हणजे ज्या सरकारच्या पैशावर छावणी चालत होती, ते कागदावर उरले नाही. परत जायचे तर ज्यांनी गुरांच्या डब्यात कोंबले त्यांच्याच छायेत. काही गेलेही. पुष्कळांनी ब्रिटन धरले, कारण त्यांचे फौजेतले बाप-भाऊ तिथे उतरले होते आणि १९४७ च्या कायद्याने त्यांना तिथे राहता येणार होते. काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे गेले. एका मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केले आणि ती इथलीच झाली. बाबा ऐकत राहिले. “म्हंजे सिंध्यांसारखंच झालं की,” ते म्हणाले.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या लोकांचे स्मारक आहे. वळिवड्यालाही सप्टेंबर २०१९ मध्ये स्तंभ उभारला गेला, तेव्हा इथे वाढलेले काही जण नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना आले होते. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी वळिवड्याचे नाव पहिल्यांदा ऐकले. मी शेजारणीला कळवले की इथून पुढचा माग लंडनला आहे. जी जिवंत राहिली ती इथे नाही सापडणार, ती जहाजाच्या उतारूंच्या यादीत सापडेल. ब्रिटनच्या बंदरांत उतरलेल्यांच्या याद्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पोलिश फौजेचे आणि निर्वासित सरकारचे कागद लंडनच्या सिकोर्स्की संस्थेत. आणि शोधताना ‘स्का’ने शोध, हे मी ठळक लिहिले.

मुक्कामाचे कागद मूळ गावाच्या कागदांपेक्षा बोलके निघतात, असे मला आता वाटू लागले आहे. गावात माणसाला सगळे ओळखत असतात, लिहून ठेवायची गरज कुणाला भासते? परक्या ठिकाणी दारातच विचारतात, तू कोण, कुणाची, कुठून आलीस.

नाशिकलाही हेच झाले. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, रामकुंडाच्या वरच्या बाजूला उपाध्यांच्या घरी गेले. आडनाव सांगितले. “गाव?” नागपूर म्हटले. “नागपूर झालं आत्ताचं. त्याआधीचं?” भोसल्यांसोबत आल्याची गोष्ट सांगू लागले, तर त्यांनी हाताने थांबवले आणि आडनावाची वही काढली. लांबोडकी, लाल कापडात बांधलेली. अर्ध्या तासाने पान सापडले. १९३८ साल, मोडीत, माझ्या आजेसासऱ्यांचा हात. वडिलांच्या अस्थी घेऊन आलो. खाली बापाचे नाव, आजाचे, पणजाचे. आमचा मुद्रांक जिथे संपतो त्याच्यावर दोन पिढ्या! मूळ गाव म्हणून सातारा-पुण्याकडचे नाव नव्हते, भंडाऱ्याकडचे एक खेडे होते. भोसल्यांसोबत आल्याची गोष्ट तिथेच गळून पडली. घरी सांगायला जड जाईल, पण कागद हाच आहे.

आणि त्या ओळीला लागून, बारीक अक्षरांत, बायका होत्या. आईचे नाव, आजीचे, पणजीचे. मी विचारले की हे कसे? उपाध्ये म्हणाले, “श्राद्धाला लागतात. बापाच्या तीन पिढ्या, तशा आई, आजी, पणजी या तीन बाया. नावाशिवाय पाणी कुणाला देणार?” समितीला लागल्या नाहीत त्या बाया तर्पणाला लागल्या होत्या. मी त्या तिन्ही नावांचा उच्चार मोठ्याने केला. घरात ऐंशी वर्षांत कुणी केला नसावा.

पण तिन्ही नावे सासरची. लग्नात बदललेली. ‘घरची’ कुणाची, ते वहीत नव्हते.

नवी नोंद करायची होती. त्यांनी यजमानांचे, मुलीचे, जावयाचे नाव घातले. मी म्हटले, माझ्या आईचेही लिहा, आणि माहेरच्या नावानिशी. वही सासरच्या आडनावाची आहे, असे ते म्हणाले, पण त्यांनी टाक उचलला होता. समासात लिहिले. आईचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे आडनाव, गाव पवनी. “तिची आई?” त्यांनी विचारले. तिला सगळे ‘मोठी आई’ म्हणत. मीही तेच म्हणत असे. तिचे नाव मी कधी विचारलेच नव्हते.

उपाध्यांनी समासात दोन बोटे जागा सोडली आणि वाळूची चिमूट टाकून पान मिटले. “पवनीला जाऊन या,” ते म्हणाले.